सफरचंदाचे पाये

आपल्याकडे घरात मय्यत झाली की पहिले तीन दिवस त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी, नातेवाईक, मोहल्ल्यातले लोक डबे पाठवतात. कुणाकडून खिचडी, कुणाकडून दालचा, कुणाकडून चहाचा थर्मास. ही फार चांगली रीत आहे. चौथ्या दिवशी मात्र ज्याला त्याला आपापली कामे असतात. डबे थांबतात, सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि मग घराला कळते की माणूस खरोखर गेला. ज्या घरात बाई इद्दतीला बसलेली असते, त्या घरात तर हे कळणे रोज नव्याने होते.

गेल्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस माझ्या सासऱ्यांचा इंतकाल झाला. अम्मांचे वय ७१. त्यांची इद्दत सुरू झाली, चार महिने दहा दिवसांची. मी शाळेत शिकवते, यांची नोकरी गावाबाहेर, थोरली लेक शिकायला पुण्यात आणि धाकटा नववीत. म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ अम्मा एकट्याच. ताजियतीला आलेल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसवले होते. “आता तू काही करू नकोस. तस्बीह घे आणि बस,” असे प्रत्येकीने सांगितले. सगळ्यांनी प्रेमानेच सांगितले. पण ज्या बाईने पन्नास वर्षे पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, तिच्या हातातून एका दिवसात परात, चाकू, सूप सगळेच काढून घेतले गेले. अम्मांचे जेवण चहात बुडवलेल्या अर्ध्या भाकरीवर आले. डॉक्टरांनी तपासले, रक्त पाहिले, म्हणाले, “आजार काही नाही.”

यांनी आमच्या मशिदीतल्या मौलानांना विचारले. ते म्हणाले, इद्दतीत बाईने शृंगार करू नये, गरजेशिवाय घराबाहेर पडू नये, निकाहाची बोलणी करू नयेत. पण घरात वावरायला, स्वयंपाक करायला, घरच्यांशी आणि भेटायला आलेल्या बायकांशी बोलायला कोणतीही मनाई नाही. कोपऱ्यात बसवून ठेवणे हे लोकांनी आपल्या मनाने वाढवलेले आहे. हे मी अम्मांना सांगितले. त्यांनी मान हलवली, पण जागच्या हलल्या नाहीत. मनाई उठली तरी इच्छाही असावी लागते.

अब्बांनी आयुष्यभर सोलापूरच्या फळबाजारात एका आडत दुकानात हिशेब लिहिला. पूर्वी तिथे रुमालाखाली हात घालून बोली लागायची; बोटांवर भाव ठरायचा आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही तो कळायचा नाही. अब्बांना मात्र रुमालाच्या हालचालीवरून अंदाज यायचा, असे त्यांचे सोबती सांगत. सफरचंद हे त्यांचे खास फळ. जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलचा माल सुरू होतो, सप्टेंबर ते नोव्हेंबर काश्मीरचा भर, आणि नंतर शीतगृहातला माल निघत राहतो, हे वेळापत्रक आमच्या मुलांना शाळेच्या वेळापत्रकाआधी पाठ झाले होते. काश्मीरचे फळ पॉपलरच्या लाकडाच्या पेटीत, भाताच्या पेंढ्यात बसून येई. आता पुठ्ठ्याचे खोकेही आले, पण अब्बांना पेटीच आवडायची. दर ऑक्टोबरला आडतवाल्यांकडून एक पेटी आमच्या घरी यायची. अब्बा ती स्वतः उघडत, थराथराने फळे काढत, वास घेत, दबलेली बाजूला ठेवत.

त्या वर्षीही पेटी आली. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस होते. हमालाने ती दारात ठेवली आणि “साहेबांची पेटी” असे नेहमीच्या सवयीने म्हणून तो निघून गेला. अम्मांनी आतून आवाज ऐकला. “वाटून टाका,” एवढेच म्हणाल्या.

वाटणे जमले नाही. शेजारी दिली, मदरशात दिली, तरी निम्मी उरली. स्वयंपाकघरात त्यांचा वास भरून राहिला होता. चार-पाच दिवसांत ती मऊ पडायला लागली. आता ही टाकायची कशी? अब्बांची शेवटची पेटी कचऱ्यात टाकायला कुणाचाच हात धजेना आणि खायलाही कुणाचा हात होईना.

धाकट्याने तोडगा काढला. त्याला भांड्यांत रमायला आवडते. “अम्मी, आपण ॲपल पाय करू,” तो म्हणाला. मी त्याला म्हटले, आधी पाय म्हणजे काय ते वाचून काढ, मग करू. शिक्षिकेच्या घरात जन्म घेतल्याची एवढी शिक्षा तर असतेच.

त्याने वाचले ते आम्हा दोघांनाही नवे होते. अमेरिकन लोक ॲपल पायला आपले राष्ट्रीय पक्वान्न समजतात, पण हा पदार्थ इंग्लंडातून तिकडे गेला. राजा दुसरा रिचर्ड याच्या खानसाम्यांनी १३९० च्या सुमारास जो पाककृतींचा ग्रंथ तयार केला, त्यात सफरचंदाच्या अशा पदार्थाची कृती आहे आणि तिच्यात अंजीर, मनुका, नासपती आणि केशर घालायला सांगितले आहे. ऐकून वाटावे की आपल्याच जर्द्याचे सामान! अमेरिकेत तर मूळची फक्त छोटी, आंबट रानटी सफरचंदे होती. आज आपण खातो ते सफरचंद युरोपातून गेलेल्या लोकांनी तिथे लावले. आणि युरोपलाही ते मध्य आशियातून मिळाले. कझाकस्तानातल्या तिएन शान पर्वताच्या जंगलांत आजही त्याचे रानटी पूर्वज उभे आहेत. तिथल्या अल्माटी शहराच्या नावातला ‘अल्मा’ म्हणजे सफरचंदच. बाबराने आपल्या आत्मचरित्रात समरकंदच्या सफरचंदांची वाखाणणी केली आहे. काफिल्यांबरोबर हे फळ पश्चिमेला गेले, पूर्वेला गेले. त्यामुळे पाय जरी साहेबाचा असला तरी त्यातले फळ आपल्याला परके नाही.

मात्र कृती डोळे झाकून घेण्यासारखी नसते, हे माझ्या भगिनींना मुद्दाम सांगते. जुन्या इंग्रजी आणि अमेरिकन कृतींत आवरणाच्या पिठात लार्ड घालतात. लार्ड म्हणजे डुकराची चरबी. परदेशातून आलेली तयार आवरणे घेताना डब्यावरची यादी वाचलीच पाहिजे. काही कृतींत सारणात ब्रँडी असते. व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट हा अर्क तर अल्कोहोलमध्येच काढतात. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल असावे लागते. यातले काहीही न घालता उत्तम पाय होतो. लार्डच्या जागी लोणी, व्हॅनिलाच्या जागी वेलची. दालचिनी तर आपल्या पुलावात असतेच.

आम्ही पीठ मळायला घेतले. ३०० ग्रॅम मैदा, २०० ग्रॅम थंडगार लोणी, चिमूटभर मीठ, एक चमचा साखर आणि बर्फाचे पाणी सहा-सात चमचे. यातली सगळी करामत थंडपणात आहे. लोणी वितळू न देता त्याचे हरभऱ्याएवढे तुकडे पिठात राहिले पाहिजेत. भट्टीत गेल्यावर त्या तुकड्यांतल्या पाण्याची वाफ होते, ती पिठाचा पदर उचलते आणि आवरण खुसखुशीत, पापुद्र्यांचे होते. लोणी आधीच वितळून पिठात मुरले तर पदर सुटत नाहीत. आणि पीठ चपातीसारखे तिंबले तर ते चिवट होते. थंड देशात हे सोपे आहे. सोलापुरात ऑक्टोबरच्या दुपारी फ्रिजमधून काढलेले लोणी दहा मिनिटांत पाघळू लागते.

आमची खुडबुड ऐकून अम्मांनी आतून विचारले, “काय चाललंय?”

धाकटा म्हणाला, “दादी, ॲपल पाय बनवतोय.”

थोडा वेळ आवाज नाही. मग अम्मा म्हणाल्या, “पाये? सेब के पाये? ये कौनसे जानवर के?”

मी आणि धाकटा हसू लागलो. आणि मग आतूनही हसण्याचा आवाज आला, कोरडा, खोकल्यासारखा. दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्या उठल्या, भिंतीला हात लावत स्वयंपाकघराच्या दारात आल्या. परातीत डोकावून पाहिले आणि नातवाला म्हणाल्या, “अरे, हात की गर्मी से मस्का पिघल रा. नक्को मसलो इत्ता. बड़े तसले में ठंडा पानी लाओ, उसपे परात रखो.”

तसल्यात थंड पाणी ओतून त्यावर परात ठेवली. अम्मा पाटावर बसल्या. बोटांची फक्त टोके वापरून त्यांनी पीठ असे हलवले की लोणी तुटत गेले, पण वितळले नाही. नानखटाईचे पीठ त्यांनी आयुष्यभर केले आहे. ईदच्या आधी परातभर पीठ मळून मोहल्ल्यातल्या बेकरीत न्यायचे, तिथल्या लाकडाच्या भट्टीतून ताटांत भाजून आणायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. नानखटाईत तूप साखरेबरोबर फेटून एकजीव करतात, म्हणून ती तोंडात विरघळते पण तिला पापुद्रे नसतात. इथे उलट करायचे आहे, हे मी त्यांना समजावायला गेले, तर म्हणाल्या, “कळलं मला. खाजाला साटा लावतो तसं. तूप वेगळं राहिलं पाहिजे.” पन्नास वर्षांचा अनुभव मला जे सांगायला चार वाक्ये लागत होती ते एका वाक्यात सांगत होता. पिठाचे दोन गोळे करून आम्ही तासभर फ्रिजमध्ये ठेवले.

मग सफरचंदे. आमच्याकडची होती डेलिशियस जातीची, लाल, गोड. पायला खरे तर आंबट आणि टणक फळ लागते. परदेशात त्यासाठी ग्रॅनी स्मिथ हे हिरवे सफरचंद वापरतात, ते आपल्या बाजारातही मिळते. डेलिशियस भट्टीत मऊ पडते. म्हणून फोडी जाड ठेवायच्या, मोठ्या लिंबाचा रस घालायचा आणि सारण आधीच थोडे शिजवून पाणी आटवून घ्यायचे. अम्मांनी सुरी मागितली. मी दिली. सव्वा किलो सफरचंदे त्यांनी सोलली, प्रत्येकाची साल एकाच लांब फितीत. दबलेला भाग नेमका तेवढाच काढायच्या, तांदळाएवढासुद्धा जास्त नाही.

सोलता सोलता त्या बोलू लागल्या. “लग्न झालं तेव्हा सफरचंद म्हणजे आजाऱ्याचं फळ. दवाखान्यात कुणाला बघायला जायचं तर दोन सफरचंद न्यायचे. आपण धडधाकट माणसानं खायचं फळ नव्हे ते. यांचा पगार तो केवढा! पण संध्याकाळी येताना रुमालात डागी सफरचंदं बांधून आणायचे. विकायला न चालणारी. मी डाग काढायची, मुलांना फोडी करून द्यायची. तुझ्या नवऱ्याला तर वाटायचं सफरचंद असंच असतं, बाजूने कापलेलं!”

हे मला माहीत नव्हते. यांनाही आठवत नव्हते. अम्मांनी साली टाकू दिल्या नाहीत. त्यांच्यावर पाणी घालून उकळायला ठेवल्या आणि गाळून ते पाणी आटवून सारणात ओतले. “मुरब्ब्याला असंच करते मी. घट्टपणा येतो,” म्हणाल्या. नंतर धाकट्याने शोधून सांगितले की सालीत आणि गाभ्यात पेक्टिन असते आणि जॅम त्यानेच घट्ट होतो. सारणात १०० ग्रॅम साखर, चमचाभर दालचिनी पूड, वेलची, मूठभर मनुका आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर. आठ-दहा मिनिटे शिजवून पूर्ण थंड केले. गरम सारण भरले तर खालचे लोणी लगेच वितळते.

नऊ इंची केकच्या डब्यात एक पोळी लाटून बसवली, सारण भरले, वर दुसरी पोळी घालून कडा चिमटीने मुडपल्या. कडा अम्मांनी केल्या. करंजीची मुरड घालावी तशी. वर वाफ जायला चार चिरा दिल्या, दुधाचा हात फिरवला. ओव्हन २०० अंशांवर तापलेला होता. वीस मिनिटे तशीच, मग १८० वर आणून पस्तीस मिनिटे, असे गणित होते.

पंचविसाव्या मिनिटाला वीज गेली. फोन लावला तर उत्तर मिळाले की बिघाड मोठा आहे, दोन तास लागतील. धाकट्याचा चेहरा पडला. पाय धड कच्चा नाही, धड भाजलेला नाही. तसाच राहिला असता तर आवरण तेलकट होऊन बसले असते.

अम्मा उठल्या. “बिजली पे पकाते क्या? दम किसलिए है फिर?”

बिर्याणीचे मोठे जाड पातेले काढायला लावले. तळाला जाड मीठ पसरून गॅसवर तापवले, त्यावर लोखंडी रिंग ठेवली, रिंगेवर पायचा डबा. घरात लोबानसाठी आणलेले कोळसे होते. ते पेटवून उलट्या झाकणावर रचले. मोहरमला आमच्याकडे दम के रोट होतात ते असेच, खालून आच आणि वरून निखारे. ओव्हन म्हणजे तरी दुसरे काय असते? अम्मा पाटावर बसून निखाऱ्यांना पंख्याने वारा घालत होत्या आणि मधूनमधून झाकणाच्या कडेतून येणारा वास घेत होत्या. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही. “अभी नहीं,” म्हणायच्या. पुन्हा थोड्या वेळाने, “अभी नहीं.” सुमारे चाळीस मिनिटांनी म्हणाल्या, “निकालो.”

वरचा पदर तांबूस, एका बाजूला जरा जास्त. चिरांतून सारणाचा रस बुडबुडत होता. रस असा बुडबुडला की आतले कॉर्नफ्लोअर शिजले असे समजायचे. पाय गरम असताना कापायचा नसतो, रस वाहून जातो. दोन तास थांबलो. मगरिबची नमाज झाली, वीज आली आणि मग सुरी लावली.

आठ तुकडे झाले. अम्मांनी पहिला तुकडा कुणाला जाणार ते ठरवले. समोरच्या काकूंकडून दोन दिवसांपूर्वी दिवाळीच्या फराळाचे ताट आले होते. आपल्याकडे ताट रिकामे परत जात नाही. त्या ताटात दोन तुकडे ठेवून धाकट्याला पाठवले. दहा मिनिटांत काकू स्वतः आल्या. ताजियतीनंतर त्या पुन्हा आत आल्या नव्हत्या. “इद्दतीत भेटलेलं चालतं की नाही, ते मला माहीत नव्हतं हो,” म्हणाल्या. अम्मांनी त्यांना शेजारी बसवून घेतले. दोघी तासभर बोलल्या. करंजीची मुरड, निखाऱ्यांचा दम, गुडघेदुखी, आणि अब्बा. अब्बांबद्दल बोलताना अम्मा रडल्या. दोन महिन्यांत आमच्यासमोर त्या रडल्या नव्हत्या. काकूंनी त्यांचा हात धरून ठेवला. मी आत चहा ठेवायला गेले आणि जरा वेळ तिथेच थांबले.

त्या रात्री अम्मांनी एक पूर्ण तुकडा खाल्ला. “गोड कमी आहे,” म्हणाल्या. त्यांना साखरेचा त्रास आहे, म्हणून मी कमीच घातली होती. ते त्यांना सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्याकडून आडतवाल्यांना फोन लावून घेतला. स्वतः बोलल्या नाहीत, बाजूला बसून सांगत राहिल्या: “म्हणावं, पेटी पोहोचली. माल चांगला होता. खालच्या थरात पाच फळं दबलेली निघाली, पेंढा कमी पडलाय.” अब्बा दरवर्षी असाच निरोप द्यायचे. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “दादींना सलाम सांग. पुढच्या वर्षी पेंढा जास्त घालायला सांगतो.”

उरलेल्या फळांचा अम्मांनी मुरब्बा केला. जानेवारीत इद्दत पूर्ण झाली. आता सकाळची भाकरी त्या करतात, माझी शाळा असते म्हणून नव्हे, त्यांना करायची असते म्हणून. धाकट्याला निखाऱ्यांचा दम शिकवणे चालू आहे. काही पाहुणे म्हणतात, मुलाला चुलीपुढे कशाला बसवता? अम्मा उत्तर देतात की घरच्या कामाला हात लावणे ही तर आपल्या नबी सल्ल. यांची सुन्नत आहे, त्यात कसली लाज?

आपल्या ओळखीत कुणी बहीण इद्दतीला बसली असेल तर तिच्याकडे जरूर जा. डबा न्यालच. पण त्याबरोबर एखादे काम न्या, जे तिला तुमच्यापेक्षा चांगले येते: लोणच्याच्या कैऱ्या, गोधडीचे तुकडे, शेवया, काहीही. तिच्याकडून शिकायला आलोय असे सांगा, आणि तसे खरोखर शिका. आणि माझ्या मरहूम सासऱ्यांच्या मगफिरतीसाठी दुआ करा.